आत्याची पत्रं, दोन सह्यांची

माणसाच्या ट्रंकेत त्याला आलेली पत्रं सापडतात. त्याने लिहिलेली पत्रं दुसऱ्यांच्या ट्रंकांत असतात. ठाण्याला, नौपाड्यातल्या आत्याच्या घरी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरवली, तेव्हा पहिली अडचण हीच होती. सोसायटी पुनर्विकासाला निघालेली, घर रिकामं करून द्यायचं होतं, आणि दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या आतेभावाने, मला बोलावून घेतलं. जुने कागद वाचायची हौस घराण्यात मलाच. शिवाय मी बँकेतून निवृत्त, म्हणजे त्याच्या हिशेबात मोकळी.

आत्या कथा लिहायची. १९५५ च्या सुमारापासून पुढची पंचवीसेक वर्षं, मासिकांत आणि दिवाळी अंकांत, एका पुरुषाच्या नावाने. ते नाव मी इथे देत नाही; का, ते पुढे येईल. तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे. आतोबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते. बायकोच्या लिहिण्याचं त्यांना कौतुक होतं की अडचण, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पत्रं वाचूनही कळलं नाही. एका पत्रात फक्त ‘यांनी शाई आणून दिली’ एवढं आहे. त्यावरून काय काढायचं ते काढावं.

ट्रंकेत निघाली ती संपादकांची, वाचकांची आणि नातेवाइकांची पत्रं. काही कच्चे मसुदे होते, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. बाकी आत्याच्या हातचं काही नाही. मग आलेल्या पत्रांवरूनच शोध घ्यायचा असं ठरलं : कुणाची पत्रं जास्त आहेत, त्याच्याकडे आत्याची तेवढीच असणार. पुण्याचे एक संपादक होते, ते कधीच गेले. पण त्यांच्या सूनबाईंनी सासऱ्यांच्या फायली फेकल्या नव्हत्या. “मामंजींच्या कपाटाला आम्ही हातच लावत नाही,” म्हणाल्या, आणि कपाट उघडून दिलं. आत्याची पत्रं एका पुठ्ठ्याच्या फायलीत, टोपणनावाच्या खाली लावलेली. दुसरा साठा चिपळूणला, धाकट्या आत्याकडे. तिच्या घरात अजून जुनी रीत : जाड तारेचा आकडा, त्यात आलेलं प्रत्येक पत्र टोचायचं. सगळ्यात जुनं तळाशी. पत्रं देताना तिने अट घातली, तार जशी आहे तशी परत आली पाहिजे, क्रम न बदलता. तिसरा साठा नागपूरला असायला हवा होता, पण ज्या वाचकाशी आत्याचा बराच पत्रव्यवहार झाला त्याच्या पत्त्यावर आता बँकेची शाखा आहे.

आता कागदाविषयी थोडं, कारण असं काम अंगावर घेणाऱ्यांचा बराचसा वेळ यातच जातो. ठाण्याची हवा कागदाला मानवत नाही. पावसाळ्यात खाडीकडून येणारी ओल ट्रंकेतही शिरते. बुरशी धरते, कसर लागते, टाचण्या गंजून कागदाला भोकं पाडतात. टाचण्या ओढून काढू नयेत, कागद फाटतो. सपाट पात्याने हळूच उचलाव्यात. पत्रं उन्हात वाळवू नयेत, फाउंटन पेनची शाई उडते. सावलीत, पंख्यापासून लांब, टीपकागदात ठेवावीत. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. दादा लॅमिनेशनला निघालाच होता, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला स्वस्तात देत होता. क्रमांक घालायचा तर मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला. आणि काहीही करण्याआधी खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो. पाकिटांचे वेगळे, कारण तारखेचा पुरावा बऱ्याचदा पाकिटावरच असतो.

आमच्याकडे तो पुरावा एका नातवाने कात्रीने कापून नेला होता. शाळेत असताना त्याला तिकिटं जमवायचा नाद लागला होता. तो आता कॅनडात असतो. त्याला विचारलं, तर म्हणाला अल्बम हरवला.

तारखा लावणं हा या सगळ्यातला मला सर्वात आवडलेला भाग. आत्या तारीख लिहायची ती अशी : ‘गुरुवार, दुपार’. धाकटी आत्या तिथी लिहायची, वर्ष नाही. मग खुणा शोधायच्या. अंतर्देशीय पत्र असेल तर ते १९५० च्या ऑक्टोबरनंतरचंच. तिकिटावर ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मात्र तो नसला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण आत्या ऐंशीनंतरही पिनकोड लिहायला विसरायची. एका पत्रात खिडक्यांना काळे कागद चिकटवल्याचं होतं. युद्ध १९६५ चं की १९७१ चं? पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं शरणार्थी साहाय्याचं जादा तिकीट होतं, म्हणजे १९७१. दुसऱ्यात ‘पहाटे मांडणीवरची भांडी वाजली, आम्ही सगळे अंगणात’ असं होतं. तो ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप.

आणखी एक खूण होती अनुस्वारांची. आधीची पिढी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ अशी लिहायची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. म्हटलं, यावरून निदान आधीची आणि नंतरची पत्रं वेगळी करता येतील. पुण्याच्या फायलीत झालंही तसंच. १९६३ पासून अनुस्वार गळत गेले, वर्षा-दोन वर्षांत नाहीसे झाले. चिपळूणच्या तारेवर मात्र शेवटच्या पत्रापर्यंत ‘कांहीं काळजी करूं नकोस’. संपादकाला लिहिणारा गृहस्थ नवे नियम पाळत होता. बहिणीला लिहिणारी बाई ते मानत नव्हती. एकाच हाताची पत्रं, एकाच आठवड्यातली.

इथून मला या कामाची खरी गोडी लागली. तोवर दादाने पत्रं माणसांप्रमाणे वेगळी करून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती : लेखकाची एका बाजूला, आईची दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, सगळी तारखेने लावू या. तो म्हणाला, “खिचडी होईल.” झाली, आणि ती तशीच वाचायला हवी होती.

आधी लेखकाची सही घेऊ. मराठीत पुरुषाच्या नावाने पत्र लिहिणं बाईला सोपं नाही, कारण क्रियापद लगेच चुगली करतं. ‘पाठवते’ लिहिलं की संपलं, ‘पाठवतो’ लिहिलं तर खोटं लिहिलं. आत्याने पहिल्या चार-पाच वर्षांच्या पत्रांत दोन्ही टाळलंय. ‘कथा सोबत पाठवीत आहे. पसंत नसल्यास परत यावी, पोस्टेज जोडलं आहे.’ ‘आपलं पत्र मिळालं.’ ‘बदल मान्य आहेत.’ शेवटी ‘क. लो. अ.’, म्हणजे ‘कळावे, लोभ असावा’, आणि सही. ‘आपला’ नाही आणि ‘आपली’ही नाही. पानंच्या पानं लिंग न दाखवता लिहिलेली. मी बँकेत असंख्य अर्ज वाचले आहेत, पण इतकं सावध मराठी कधी वाचलं नव्हतं. त्याच काळातली बहिणीची पत्रं उघडावीत, तर ‘मी येत्यें, तूं तयारी ठेव’, ‘करत्यें’, ‘सांगत्यें’. क्रियापदं अगदी मोकळी सोडलेली.

मानधनाने मात्र पेच टाकला. मनीऑर्डर पोस्टमनच्या हातून येते आणि ज्याचं नाव त्याने सही करून घ्यायची असते. त्या नावाचा माणूस घरात नाही. चेक काढला तरी तोच प्रश्न. टोपणनावाचं खातं कोण उघडून देणार? मी तर दिलं नसतं. संपादकांनी विचारलं असावं, कारण आत्याचं उत्तर आहे : ‘मनीऑर्डर सौ. –– यांच्या नावे करावी. त्या माझ्या घरच्याच आहेत.’ त्या जागी तिचं स्वतःचं नाव. संपादकांनी पुढे एका अक्षराने विचारलं नाही. पण ट्रंकेतली त्यांची पत्रं क्रमाने लावली की दिसतं, त्याआधी मायना ‘रा. रा.’, म्हणजे ‘राजमान्य राजश्री’, असा पुरुषाला लिहायचा होता, त्यानंतर ‘रा. रा.’ गेलं. नुसतं टोपणनाव आणि ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे ‘साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’. माणूस समजूतदार होता. नौपाड्याच्या पोस्टमनलाही सगळं ठाऊक असणार, आणि त्यानेही गल्लीत कुठे बोलल्याचं ऐकिवात नाही. त्या काळाला आपण संकुचित म्हणतो खरं.

वाचकांची पत्रं मासिकाच्या पत्त्यावर येत आणि तिथून ठाण्याला वळवली जात. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं मिरजेच्या एका बाईंचं. त्यांना आत्याची एक कथा मुळीच पटली नव्हती. त्यांचं म्हणणं, नवऱ्याच्या बदलीची बातमी ऐकून कुठलीच बाई आधी डाळ उतरवणार नाही. ‘आपणां पुरुषांस बायकांचें मन समजत नाही तर लिहूं नये’. आत्याच्या उत्तराचा मसुदा कॅलेंडरच्या पाठकोऱ्यावर आहे : ‘आपली सूचना योग्य आहे. पुढील वेळी घरात विचारून लिहीन.’ खाली खोडलेलं एक वाक्य, ‘पण डाळ करपली असती.’ ते बहुधा पाठवलं नाही.

आता १९६१. पुण्याच्या फायलीत पावसाळ्यातलं, तारीख नसलेलं एक पत्र आहे. पुरात छापखान्यात पाणी शिरल्याचं, हस्तलिखितं गेल्याचं संपादकांनी कळवलं असावं. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्यामुळे महिना लावायला वेळ लागला नाही. आत्या लिहिते : ‘नुकसानीचें वाचून वाईट वाटलें. कथेची नक्कल ठेवली नव्हती. तरी आठवून पुन्हा लिहून पाठवीत आहे. पहिल्यापेक्षा थोडी लहान झाली आहे, बरीही झाली असेल.’ चिपळूणच्या तारेवर त्याच दिवसांतलं कार्ड, टोचण्याचं भोक नेमकं ‘हात’ या शब्दातून गेलेलं : ‘उजवा हात भरून आला आहे. कारण भेटीत सांगेन. श्रावणांत ये.’ नुसतं पहिलं वाचलं तर लेखकाची जिद्द. नुसतं दुसरं वाचलं तर घरकाम करून दमलेली बाई. दोन्ही शेजारी ठेवली की कथा पुन्हा लिहायला काय पडलं ते कळतं. कथा त्या वर्षीच्या दिवाळी अंकात आली. तो अंक मी ठाण्यातच पाहिला, मराठी ग्रंथ संग्रहालयात. १ जून १८९३ ला वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी उभं केलेलं हे ग्रंथालय आपल्या गावात आहे याचं ठाणेकरांना जेवढं वाटायला हवं तेवढं वाटत नाही, हे जाता जाता.

पत्रं टाइप करायचं ठरलं आणि नवा वैताग सुरू झाला. दादाने मोबाइलला वाचून दाखवायला सुरुवात केली, मोबाइलने ‘सा. न. वि. वि.’चं ‘साने वीवी’ केलं आणि ‘येत्यें’ दरवेळी ‘येते’ करून टाकलं. डीटीपीवाल्या मुलीनेही आपणहून सगळे अनुस्वार काढून दिले, ‘काकू, चुका दुरुस्त केल्या’ म्हणून. तिला बसवून तार दाखवली, फाइल दाखवली. मग मात्र तिने एकही अनुस्वार सोडला नाही, उलट मला दोन राहिलेले काढून दाखवले.

छापायचं तर परवानगी कुणाची, हे विचारायला चरईतल्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी एका वाक्यात समजावलं : पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकूर ज्याने लिहिला त्याचा. म्हणजे चिपळूणची तार धाकट्या आत्याची असली तरी त्यावरच्या शब्दांचा हक्क आत्याच्या वारसांचा. आणि आमच्या ट्रंकेत साठ वर्षं पडून असलं तरी संपादकांच्या पत्रांतलं एक वाक्य छापायचं झालं तर पुण्याहून लेखी संमती हवी. ती मिळाली. नागपूरकरांची मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची पत्रं आम्ही वगळली, फक्त ती होती एवढं नोंदवलं. मिरजेच्या बाईंचं पत्रही छापलेलं नाही. त्यातला आशय आणि आत्याचं उत्तर तेवढं आहे.

कथांचं गणित वेगळं निघालं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या नावाने आलेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. टोपणनावाने आलेल्याला मात्र कलम २३ लागतं : साठ वर्षं मोजायची ती प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून. ती मुदत संपण्याआधी खरी ओळख उघड झाली तरच मृत्यूपासूनचा हिशेब. आणि ‘उघड’ म्हणजे गल्लीत माहीत असणं नव्हे. लेखकाने आणि प्रकाशकाने जाहीरपणे सांगितलेलं असावं लागतं, किंवा लेखकाने रीतसर सिद्ध केलेलं. आत्याने यातलं काहीच केलं नव्हतं. म्हणजे १९६१ ची ती पुरानंतरची कथा २०२१ संपताच सगळ्यांची झाली. खारघरचा धाकटा आतेभाऊ हे ऐकून जरा हिरमुसला. पत्रांचं तसं नाही, ती आजवर छापलेलीच नसल्याने त्यांची साठ वर्षं प्रसिद्धीनंतर सुरू होतील. त्यावर त्याचा चेहरा पुन्हा उजळला. नोंदणी सक्तीची नाही हेही वकीलबाईंनी सांगितलं, त्यामुळे तो खर्च वाचला.

भांडण झालं ते मुखपृष्ठावरून. धाकट्याला वर आईचा फोटो हवा होता आणि मोठ्या अक्षरात खरं नाव. “इतकी वर्षं लपून राहिली, आता तरी लोकांना कळू दे.” त्याची कळकळ खरी होती. त्याने विभावरी शिरूरकरांचा दाखला दिला. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आलं तेव्हा केवढं वादळ उठलं, ही बाई कोण यावर महाराष्ट्रभर तर्क चालले, आणि पुढे बाळूताई खरे म्हणजेच मालतीबाई बेडेकर उजळ माथ्याने वावरल्याच की! मी म्हटलं, वावरल्या, पण नंतरची पुस्तकंही विभावरी शिरूरकर या नावाने आली आणि वाचक आजही तेच नाव घेतो. दादा म्हणाला, आपल्याच गावात पाहा, तलावपाळीवरच्या नाट्यगृहाला राम गणेश गडकरी हे नाव आहे, कविता गोविंदाग्रजांच्या आणि विनोदी लेख बाळकरामांचे. कुणाची कुणाशी भांडाभांडी नाही. ‘कुसुमानिल’चंही नाव निघालं. तिथे कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं आहेत. खाजगी पत्रं छापावीत का, यावर मग वेगळीच फांदी फुटली आणि वहिनींनी जेवायला वाढलं.

निकाल लागला तो आत्याच्याच एका पत्रावर. १९६८ च्या सुमारास मासिकाला कुणा वाचकाने ‘हा लेखक म्हणजे ठाण्याची एक गृहिणी आहे’ असं कळवलं होतं, आणि काय करू म्हणून संपादकांनी विचारलं होतं. आत्याचं उत्तर चार ओळींचं : ‘छापूं नये. नाकारूंही नये. माझी ओळख कुणी होऊन सांगावी असं मला वाटत नाही; कुणाला कळलीच तर मी काही घर सोडून जाणार नाही.’ गंमत म्हणजे तोवर गेलेले अनुस्वार या पत्रापुरते परत आलेत. घाईत लिहिलं असावं, किंवा ते लिहिणारी बाई वेगळ्या खुर्चीत बसली असावी.

म्हणून मुखपृष्ठावर टोपणनाव आहे, फोटो नाही. आत पत्रं तारखेने, आणि प्रत्येकाखाली जी सही होती तीच. दोन सह्या एकाच हाताच्या, एवढं प्रस्तावनेत सरळ लिहिलंय. ज्याला पुस्तक उघडायचं आहे त्याला ते दुसऱ्या पानावर कळेल. इथे मात्र ‘होऊन सांगणं’ झालं असतं, म्हणून नाव दिलं नाही. धाकटा आतेभाऊ अजून पुरता राजी नाही. प्रुफं मात्र त्यानेच सगळ्यात काळजीने वाचली.

बांधलेली पहिली प्रत चिपळूणला नेली, सोबत तार, क्रम न बदलता. धाकटी आत्या नव्वदीला आली आहे, भिंगाने वाचते. बहिणीच्या कथांचं तिला १९६१ साली माहीत नव्हतं, बऱ्याच वर्षांनी कळलं. तिने जुलैची दोन पत्रं समोरासमोर पाहिली, पुन्हा पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “श्रावणात गेले होते ना मी. विचारलं तिला, हाताला काय झालं. पापड लाटले म्हणाली.” मग भिंग बाजूला ठेवून, “भर पावसाळ्यात पापड! आणि मी विश्वास ठेवला गं.”